हुग्गीच्या पातेल्यावर मीच ताट झाकलं. तिला सांगू का?

शाळेची बाई (खानापूर तालुका)

प्रश्न एका पातेल्याचा आहे, त्यामुळं हसाल. पण डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं आणि मी पोटाचं निमित्त करून मागच्या दारानं घरी आले. एकसष्टाव्या वर्षी असं पहिल्यांदाच केलं.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. पस्तीस-चाळीस घरं, आजोबांच्या काळापासून उपासना मराठीत. अलीकडं वीटभट्टीवर आणि मच्छेच्या कारखान्यांत कामाला आलेली चार-पाच कन्नड घरंही येतात, म्हणून एक गाणं कन्नडात होतं. त्या एका गाण्यावरून दोन मीटिंगा झाल्या, पण तो विषय वेगळा.

खालच्या आळीत एक अक्का राहते. जोगप्पा आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगते: जन्म मुलाचा. बारा-तेराव्या वर्षी अंगात यल्लम्मा आली म्हणून घरच्यांनी सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन मोती बांधले, तेव्हापासून लुगडं. मंगळवार-शुक्रवारी डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, घेऊन जोगवा मागते. नोकरी लागली त्या वर्षी माझ्या पहिलीच्या वर्गात होती ती. हजेरीपटावर मुलाचं नाव होतं आणि पाढे घडाघडा म्हणायची. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, पण अख्खं गाव अक्का म्हणतं म्हणून मीही म्हणते. ती मला बाई म्हणते.

२०१९ च्या ऑगस्टात मलप्रभेचं पाणी आळीत शिरलं, तेव्हा तिथली अकरा घरं आमच्या प्रार्थनामंदिरात पाच दिवस राहिली. बाकं बाहेर काढली, एकच चूल पेटवली. अक्कानं भाकऱ्या थापल्या, आम्ही खाल्ल्या. जात, देव, लुगडं, कुणी काही काढलं नाही. पाणी ओसरलं, बाकं आत आली. त्यानंतर ती अधूनमधून उपासनेला यायला लागली आणि आता दोन वर्षं दर रविवारी येते. चपला काढतो तिथलं शेवटचं बाक तिचं. त्या बाकावर दुसरं कुणी बसत नाही. हे मी आत्ता लिहिताना मोजलं.

नोव्हेंबरात कापणीचा सण झाला. आमच्यात पद्धत अशी की प्रत्येक घर आपल्या शेतातलं काहीतरी आणतं. नवं भात, भोपळा, केळीचा घड, कोंबडी, अंडी. उपासना संपली की लिलाव. एक अंडं दोनशेला जातं, घेणारा ते परत दान करतो, परत लिलावाला येतं, पोरं ओरडतात. अक्काला शेत नाही. तिनं हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, करून आणली. पितळी पातेलं, वर केळीचं पान, सुतळीनं बांधलेलं.

सणाचं स्वयंपाकघर माझ्याकडं असतं. पातेलं आत आलं तशी एकजण म्हणाली, "देवीम्होरं ठेवून आणलं असंल तर?" कुणी बोलेना. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी एक मोठं ताट घेतलं, पातेल्यावर झाकलं आणि पातेलं सरपणाच्या बाजूला सरकवलं. "नंतर बघू," म्हटलं. शाळेत एखाद्या पोराचा प्रश्न नको असला की मी हेच म्हणायची.

जेवणं झाली. शेवयांची खीर दोनदा फिरवली. अक्काच्या पानावर माझ्याच हातानं वाढली. ती वाढप्यांच्या हातातल्या भांड्यांकडं बघत होती. प्रत्येक भांडं. संध्याकाळी भांडी घासताना पातेलं निघालं, तसंच भरलेलं. एकीनं ते आपल्या म्हशीला घातलं. रिकामं पातेलं मी चिंच लावून घासलं. इतकं लखलखीत मी घरचंही कधी घासत नाही.

पुढच्या रविवारी ती पातेलं न्यायला आली.

"बाई, पुरली का ओ सगळ्यास्नी?"

"पुरली की."

"मग बरं. मला वाटलं गूळ जरा जास्त झाला."

"नाही गं, बरोबर होता."

आता नाताळच्या प्रीतिभोजनाच्या, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाच्या, वाढप्यांची यादी निघालीय. तिनं पाळकांना विचारलंय, मला वाढायला घेता का. कमिटीत सात जण. तिघं हो, तिघं नाही, सातवी मी.

तिला खरं सांगू का? की गप्प बसून यादीत नाव घालून मोकळी होऊ? नैवेद्याचं म्हणणाऱ्यांना मी ठामपणे चूकही म्हणू शकत नाही, कारण तिच्या कोनाड्यात जग अजून आहे, मी पाहिलाय. जाणत्यांनी सांगावं. फक्त उपदेश नको. परक्या जखमी माणसाला उचलून नेणारा येशूच्या गोष्टीतला चांगला शोमरोनी तीस वर्षं संडे स्कूलला मीच शिकवला, फळ्यावर गाढवासकट.

माजी सुभेदार

बाई, मी आपल्याच भागातला. बेळगावच्या मराठा सेंटरमधून सुरुवात केली, सव्वीस वर्षं नोकरी करून आता घरी. मीही एका मंडळीच्या कमिटीत आहे, त्यामुळं "नाही" म्हणणाऱ्या तिघांची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

तिला पंगतीत बसवा, पोटभर वाढा, घरी डबा द्या. यात कुणाचं दुमत नसावं. पण वाढणं ही मंडळीची सेवा आहे. सेवेला सभासदत्व लागतं, त्याला बाप्तिस्मा लागतो. जग कोनाड्यात ठेवून इकडं पळी हातात घ्यायची, हे दोन दगडांवर पाय ठेवणं झालं. उद्या तिला त्याचा त्रास होईल.

दुसरं. धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत मंजूर झालं ते आपल्या इथंच, बेळगावच्या सुवर्ण सौधात. २०२२ मध्ये कायदा झाला. २०२३ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचं ठरवलं. पण मंत्रिमंडळानं ठरवलं म्हणून कायदा गावातल्या माणसांच्या डोक्यातून जात नाही. देवीची जोगतीण चर्चमध्ये वाढतेय असा एक फोटो फिरला की "आमिष" हा शब्द आलाच. पोलीस येतील ते पाळकांकडं, तुमच्याकडं नाही.

पलटणीच्या लंगरमध्ये आम्ही शेजारच्याची जात कधी विचारली नाही. पण लंगरात कोण शिजवणार आणि कोण वाढणार, ते हुकुमानंच ठरायचं.

शाळेची बाई

सुभेदार, फोटोची भीती खरी आहे, ती मी कमिटीत मांडेन. पण ताट झाकताना माझ्या डोक्यात कायदा नव्हता हो. बाप्तिस्माही नव्हता.

निपाणीकर, सध्या पुण्यात

बाई, बायबलातलं गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय काढा. अकराव्या ओवीपासून.

केफा, म्हणजे आपला पेत्र, अंत्युखियात विदेशी लोकांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसं आली आणि त्यांच्या भीतीनं हा हळूच पंगतीतून उठला. त्याचं बघून बाकीचे यहूदी उठले, बर्णबासुद्धा वाहवला. हा तोच पेत्र, ज्याला यापोच्या गच्चीवर चादरीचा दृष्टान्त झाला होता, देवानं शुद्ध केलेलं तू अशुद्ध म्हणू नको असा, आणि जो कर्नेल्य या विदेश्याच्या घरी जाऊन राहिला होता. म्हणजे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळून उठला. तुमचा २०१९ चा पूर आणि तुमचा कापणीचा सण, सेम गोष्ट. पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. "नंतर बघू" म्हटलं नाही.

नैवेद्याचं उत्तरही पौलानंच देऊन ठेवलंय. पहिलं करिंथ, दहावा अध्याय: बाजारात मिळेल ते खा, विवेकाच्या नावाखाली चौकशी करत बसू नका. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा. हां, कुणी स्वतःहून सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. तुमच्या स्वयंपाकघरात कुणी सांगितलं होतं? "असंल तर" एवढंच. जे विचारू नका म्हणून लिहिलंय नेमकं तेच विचारलं गेलं, तेही तिला नाही, आपापसात.

१५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. २०२१ मध्ये कर्नाटकानं सरकारी भरतीत त्यांना एक टक्का जागा ठेवल्या. आणि मंडळी पळी द्यायची की नाही यावर मतदान घेतेय. राजीनामा द्या आणि कारण लिहून द्या.

शाळेची बाई

निपाणीकर, तुझा राग मला आवडला. पुण्यात बसून राग करायला सोपं जातं एवढंच. राजीनामा दिला तर उरले सहा, तीन-तीन, आणि पाळक बिचारे चहा मागवणार.

पेत्राचं मात्र बरोबर पकडलंस. कळून उठला. आपल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईला बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाईंचं सोवळं काही त्या दिवशी पाण्याबरोबर वाहून गेलं नाही. त्यांना पुढं कितीतरी काळ लागला. देवळातली गोष्ट लवकर सुटते, स्वयंपाकघरातली चिकटून राहते. माझ्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती आहेत, तरी माझी आई कामवालीचा कप वेगळ्या खिळ्याला अडकवायची. मी तो कप काढून टाकला आणि समजले की संपलं.

लोंढा जंक्शन

मी कॅथोलिक. वडील रेल्वेत होते, घरात कोंकणी, शाळा मराठी, ऑफिस कन्नड. आमच्याकडंही कुठली मिस्सा कुठल्या भाषेत आणि किती वाजता, यावर माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत एकमेकांशी. १ नोव्हेंबरला बेळगावात एक भाऊ कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत, एक मराठी भाषकांच्या काळ्या दिवसाच्या फेरीत, आणि चर्चच्या कॅलेंडरवर त्या दिवशी सर्व संतांचा सण. आमच्या एका घरात हे तिन्ही झालेलं आहे. दुपारी जेवायला सगळे एकत्र, फक्त टीव्ही बंद ठेवायचा.

बाई, मी तुम्हाला प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय वाचायला सांगेन, कारण तिथं भांडण वाढण्यावरूनच आहे. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा राहून जात होत्या, इब्री बोलणाऱ्यांच्या नाही. कुरकुर झाली. प्रेषितांनी प्रेमावर प्रवचन दिलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची पानं रिकामी राहत होती, पळी बहुतेक त्यांच्याच माणसांच्या हातात गेली. त्यांच्यासाठी दोन घास जास्त वाढा, असं ठरलं नाही. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. भाषेच्या भांडणात कंटाळून एकदा मी ती नावं नुसती मोठ्यानं वाचली आणि लक्षात आलं.

आता पुढचं बघा. त्यातला फिलिप्प, वाढपी, आठव्या अध्यायात गाझाच्या रस्त्यावर कुणाला भेटतो? इथिओपियाच्या राणीच्या खजिनदाराला, आणि तो षंढ आहे. एवढ्या लांबून यरुशलेमेला भजनाला आला होता. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायाप्रमाणं अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत यायची मनाई. आला, आणि परत निघाला, आणि रथात बसून यशया वाचतोय. त्रेपन्नाव्या अध्यायावर आहे. तीनच अध्याय पुढं, छपन्नाव्यात, देव म्हणतो की अशांना मी माझ्या घरात मुलगे-मुलींपेक्षा चांगलं नाव देईन. तो तिथवर पोचला होता की नाही, लिहिलेलं नाही. मला आपलं वाटतं, त्याच पानांसाठी त्यानं ती गुंडाळी घेतली असेल. वाटेत पाणी दिसलं, त्यानं विचारलं, बाप्तिस्मा घ्यायला मला अडचण काय? फिलिप्पानं कमिटी बोलावली नाही.

अक्काला षंढ म्हणायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. शब्द त्या काळचा आहे, माणूस तुमच्या वर्गातला आहे.

फोटोबाबत सुभेदारांशी मी सहमत, पण उपाय उलटा. पंगतीत फोन बंदी करा, सगळ्यांना सारखी. अक्कासाठी केली असं कुणी म्हणता कामा नये.

आणि एक बोलू? झाकलेल्या ताटापेक्षा मला ते "गूळ बरोबर होता" जास्त लागलं.

टाळकरी

मी ख्रिस्ती नाही, वडगावातला वारकरी. वाचता वाचता थांबलो.

आमचे चोखोबा पंढरपुरात अजून महाद्वारासमोर बाहेरच आहेत, समाधी तिथं. देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं. संतांनी आधी कितीतरी शतकं सांगून ठेवलं होतं, तरी. नाथ महाराज एका महाराच्या घरी जेवायला गेले, ही कथा आम्ही कीर्तनात डोळे मिटून ऐकतो. मी ऐकतो. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत सफाईला येणाऱ्या मामींनी मुलीच्या लग्नाचे लाडू दिले. आमच्या घरात ते डब्यात राहिले आणि मग राहिले नाहीत. कुठं गेले मी विचारलं नाही.

सल्ला काही नाही बाई. शेजारी बसायला आलो.

भाचा

माझा मामा जोगप्पा होता. रायबागकडचे आम्ही. घरात मामा, बाहेर अक्का. वारला आता.

सगळ्यांचं वाचलं. शास्त्रातलं मला कळत नाही. मी पाहिलेलं सांगतो.

लोक जोगप्पाला देतात. तांदूळ, पीठ, पैसे, लुगडं. पाया पडतात. लग्नात, बारशाला बोलावतात, आशीर्वाद घेतात. त्याच्या हातचा भंडारा कपाळाला लावतात, कारण तो देवीचा. पण त्याच्या चुलीवरचं? मामानं उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या घरचं कोरडं पीठ आणलं आणि एकट्यापुरती भाकरी केली. कुणी कधी म्हटलं नाही, मामा, आज तुझ्याकडं जेवतो. मीसुद्धा नाही. आई म्हणायची, तिथं खाऊ नको, आणि का ते सांगायची नाही. आईचा तो सख्खा भाऊ. तर त्या अक्कानं पितळी पातेलं भरून आणलं, पान बांधून, म्हणजे काय आणलं ते मला कळतं. गहू भिजवून, कांडून, कोंडा काढून, रात्रभर. जोगव्याच्या पिठाची हुग्गी होत नाही. गहू विकतचाच असणार.

सुभेदारसाहेब, जगाचं बोललात. जग हा तिचा देव आहेच, पण ती तिची शिधापत्रिकाही आहे. तो नदीत सोडला तर मंगळवार-शुक्रवारी तिनं काय मागायचं आणि कुठल्या तोंडानं? सरकारचं मैत्री पेन्शन आहे, त्यात महिना निघत नाही. आधी बाप्तिस्मा मग पळी म्हणता, तर मधल्या काळातल्या भाकरीचं कोण बघणार तेही ठरवा.

बाई, माफी मागायला जाऊ नका. तुम्ही रडाल, ती "असू दे बाई" म्हणेल, तुम्ही हलक्या होऊन घरी याल. जेवायला जा. दोन दिवस आधी सांगून जा, तिला तयारी करू द्या. खरं सांगायचं ते तिथं ताटावर बसून सांगा, आणि मग उठू नका.

माजी सुभेदार

शिधापत्रिकेचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सभासदत्वाबद्दल मत तेच आहे. पण वर्षाला दोन पोती तांदूळ मी देऊ शकतो, नाव न सांगता. कुणाकडं द्यायचे?

भाचा

साहेब, परत देणंच झालं ना ते. पण द्या.

शाळेची बाई

आठ दिवस उत्तर दिलं नाही, कारण जाऊन यायचं होतं.

बुधवारी निरोप ठेवला की शनिवारी दुपारी तुझ्याकडं जेवायला येते. ती म्हणाली, "कशाला?" मी म्हटलं, "जेवायला." थोडा वेळ तिनं दाराची चौकट धरून ठेवली. मग म्हणाली, "जोंधळ्याची भाकरी चालती न्हवं? तांदळाची पाहिजे असंल तर सांगा."

शनिवारी गेले. घर म्हणजे एकच खोली, शेणानं सारवलेली, दारात तुळस नाही, झेंडूची दोन झाडं. पाट मांडला होता. भाकरी, झुणका, मेथीची भाजी, मिरचीचा ठेचा, दह्याची वाटी. कोनाड्यात जग होता, पण वरून धुतलेलं फडकं टाकलेलं. मी बघितलं हे तिनं बघितलं.

"कशाला झाकलास गं?"

"तुम्हास्नी घास जायला पाहिजे की."

मी म्हटलं, राहू दे उघडा. तिनं मान हलवली आणि फडकं तसंच ठेवलं.

ताट पुढ्यात आलं तेव्हा मी सांगितलं. वाक्य तयार करून नेलं होतं, ते आठवलं नाही. "तुझी हुग्गी वाढली नाही, मीच झाकून ठेवली," एवढंच निघालं.

ती भाकरी थापत होती. थांबली नाही. "ठावं हाय की बाई. म्हस कुणाची? माझ्या दाराम्होरंच बांधत्यात तिला. केळीचं पान तिच्या तोंडात बघिटलं म्या."

"मग त्या रविवारी विचारलंस कशाला, पुरली का म्हणून?"

"तुम्ही काय म्हणताय ते बघाय."

भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. नंतर बराच वेळ दोघी बोललो नाही. भाच्यानं सांगितलं होतं म्हणून उठले नाही. माफ केलंस का, तेही विचारलं नाही, विचारायचा मोह फार झाला. दुसरी भाकरी मागून घेतली. ती माझ्याबरोबर बसली नाही, माझं झाल्यावर जेवली. त्याबद्दल मी काही बोलले नाही. एका दिवसात सगळं माझ्या मनासारखं व्हायला ती काही आता माझ्या पहिलीतली पोर नाही.

निघताना सतरा आठ किती गं विचारलं. तिनं एकशे छत्तीस सांगितलं आणि हसली, पहिल्यांदा.

काल कमिटी झाली. मी "हो" म्हटलं. त्या ताटाचं सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या नावानं, बाकी कुणाचं नाव घेतलं नाही. जिनं "देवीम्होरं" म्हटलं होतं ती उठून बाहेर गेली. परत आली, पण बसली लांब. "नाही" वाल्यांपैकी एकानं सभासदत्वाचा मुद्दा लावून धरला, सुभेदारांसारखाच, आणि तो वाईट माणूस नाही. पाळक म्हणाले, प्रभुभोजनाला नियम आहेत, प्रीतिभोजनाच्या खिरीला कुठले नियम आहेत ते मला दाखवा. चार-तीननं नाव यादीत गेलं. वीटभट्टीवरच्या एका कन्नड बाईचं नावही त्याच झपाट्यात गेलं. तिला मराठी येत नाही, पण "बर्री, कूड्री" (या, बसा) म्हटलं की कळायचं त्याला कळतं. फोन बंदी सगळ्यांना. त्यावर मात्र तरुण मुलं नाराज आहेत.

त्या दिवशी काय होईल माहीत नाही. तीन घरं येणार नाहीत असं कानावर आहे. सुभेदारांच्या तांदळाचं मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, तांदूळ नको, कांडायला कुणीतरी पाठवा, माझा खांदा दुखतो. सुभेदार, येताय का?

आता कामाचं. एकशे वीस पानं धरलीत. हुग्गी अक्काच करणार, मी आणि आणखी दोघी हाताखाली. ती म्हणते खपली गहू सात किलो. मला जास्त वाटतात. एवढ्या माणसांची हुग्गी कुणी केली असेल तर गहू किती, गूळ किती, नीट मापानं सांगा. गुळाचं तर मला काहीच सांगता येणार नाही. त्या दिवशीची मी चाखलीच नव्हती.